एका शब्दाचे वाचन : सिनाईचे शिलालेख, वर्णमालेचा उगम आणि वाचनाची कसोटी

गोषवारा : सिनाई द्वीपकल्पातील सेराबित अल्-खादिम येथील लेखांतून ॲलन गार्डिनर यांनी १९१६ मध्ये एक शब्द वाचला. वर्णात्मक लिपीच्या उगमाविषयीची आजची बहुतेक चर्चा या एका शब्दावर उभी आहे. हे वाचन शंभर वर्षांहून अधिक काळ का टिकले, त्याच लेखांची अधिक विस्तृत वाचने का टिकली नाहीत आणि वाचनापासून उगमाच्या कथेकडे जाताना अभ्यासक कोठे घसरतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. लिपीच्या वाचनाचे मूल्य वाचलेल्या मजकुराच्या प्रमाणावर ठरत नसून ते वाचन कोणत्या स्वतंत्र कसोटीला उतरते यावर ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : आद्य-सिनाई लिपी, वर्णमाला, आद्याक्षरतत्त्व, ब्राह्मी, सिंधू लिपी, पुराभिलेखशास्त्र

१. प्रस्तावना

प्राचीन लिपींच्या वाचनाचा इतिहास आपल्याकडे, आणि पाश्चात्त्य ग्रंथांतही, बहुधा यशोगाथांच्या स्वरूपात सांगितला जातो. शाँपोलियों यांनी १८२२ मध्ये इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे सोडवले, जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी वाचली, मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये क्रीट व ग्रीसमधील 'रेखीय ब' लिपी उलगडली, अशी ही परंपरा आहे. या कथांत प्रतिभावंताच्या अंतर्दृष्टीला मोठे स्थान मिळते. तथापि एक मूलभूत प्रश्न त्यांत मागे पडतो. केलेले वाचन बरोबर आहे, हे ठरवले कसे?

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. महाविद्यालयीन पातळीवर इतिहास, भाषाविज्ञान किंवा प्राचीन भारतीय संस्कृती शिकवणाऱ्या प्राध्यापकासमोर तो दरवर्षी उभा राहतो. अमुक लिपी वाचली गेली, अमुक भाषा सर्वांत प्राचीन ठरली, अशा घोषणा अधूनमधून प्रसिद्ध होतात. विद्यार्थी त्यांविषयी विचारतात. अशा वेळी स्वीकार किंवा नकार यांपलीकडे जाऊन दाव्याचे मूल्यमापन कसे करावे, याची रीत आपल्याजवळ असणे आवश्यक आहे. वर्णमालेच्या उगमाचा प्रश्न या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे, कारण त्यात एक अत्यंत संयत वाचन आणि अनेक महत्त्वाकांक्षी वाचने एकाच साहित्यावर केलेली आढळतात.

आरंभीच एक पारिभाषिक खुलासा करणे इष्ट ठरेल. मराठी वाचकाच्या मनात 'वर्णमाला' म्हटले की स्वर आणि व्यंजने यांची उच्चारस्थानानुसार केलेली मांडणी उभी राहते. येथे ज्या लिपीची चर्चा करावयाची आहे ती आरंभी केवळ व्यंजनांची होती. तीत स्वरांना चिन्हे नव्हती. तिचे वैशिष्ट्य असे की शेकडो चित्रचिन्हांच्या जागी तिने तिसांहून कमी चिन्हे वापरली आणि प्रत्येक चिन्हाला एक व्यंजन नेमून दिले. फिनिशियन, अरामी, हिब्रू, ग्रीक, लॅटिन आणि अरबी या लिपींची वंशपरंपरा तिच्यापर्यंत नेली जाते.

२. सेराबित अल्-खादिम येथील साहित्य

सिनाईच्या नैर्ऋत्य भागातील सेराबित अल्-खादिम हे पठार फिरोजा रत्नाच्या खाणींसाठी प्रसिद्ध होते. इजिप्तचे राजे तेथे मोहिमा पाठवीत. खाणींजवळ हॅथॉर देवीचे मंदिर होते आणि तेथे ती 'फिरोजाची स्वामिनी' या नावाने पूजिली जाई. फ्लिंडर्स पेट्री यांनी १९०४-०५ च्या हंगामात या स्थळाचे उत्खनन केले. इजिप्शियन चित्रलिपीतील विपुल लेखांबरोबरच त्यांना काही ओबडधोबड लेख आढळले. त्यांतील चिन्हे चित्रलिपीसारखी दिसत होती, परंतु इजिप्शियन म्हणून ती वाचता येत नव्हती. निरनिराळ्या चिन्हांची संख्या फार थोडी असल्याने ही लिपी वर्णात्मक असावी, हे पेट्री यांच्या लक्षात आले होते.

या स्थळी व परिसरात आजवर सापडलेल्या अशा लेखांची संख्या तीस-चाळीसच्या घरात आहे. बहुतेक लेख अत्यंत त्रोटक आहेत. अनेक झिजलेले वा भग्न आहेत. काहींत ओळी उभ्या आहेत, काहींत आडव्या. वाचनाची दिशाही निश्चित नाही. पुढे जी मतांतरे निर्माण झाली, त्यांचे मूळ साहित्याच्या या दारिद्र्यात आहे.

३. गार्डिनर यांचे वाचन : बल आणि मर्यादा

ॲलन गार्डिनर यांचा सेमिटिक वर्णमालेच्या इजिप्शियन उगमाविषयीचा निबंध १९१६ मध्ये इजिप्शियन पुरातत्त्वाच्या इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. हिब्रू वर्णांची परंपरागत नावे ही वस्तूंची नावे आहेत. 'आलेफ' म्हणजे बैल, 'बेथ' म्हणजे घर, 'अयिन' म्हणजे डोळा. सिनाईच्या लेखांत बैलाचे मस्तक, घराचा आराखडा आणि डोळा ही चित्रे आहेत. तेव्हा प्रत्येक चित्राचा उच्चार त्या वस्तूच्या सेमिटिक नावातील पहिल्या व्यंजनाचा असावा. यालाच आद्याक्षरतत्त्व म्हणतात. घराला इजिप्शियन भाषेत 'पर' असा शब्द होता. पण या लिपीत घराच्या चित्राचे मूल्य 'प' नसून 'ब' आहे, कारण सेमिटिक भाषेत घर म्हणजे 'बैत'. चित्र इजिप्तचे, उच्चार कनानी लोकांच्या भाषेचा, हे गार्डिनर यांचे सूत्र होय.

या सूत्रानुसार त्यांनी लेखांत वारंवार येणारा एक चिन्हक्रम तपासला: घर, डोळा, बैल हाकण्याची काठी, फुली. मूल्ये घातली असता ब-अ-ल-त, म्हणजेच 'बअलत' असा शब्द मिळतो (येथे 'अ' हे स्वराचे चिन्ह नसून कंठातून उच्चारल्या जाणाऱ्या एका सेमिटिक व्यंजनाचे आहे). त्याचा अर्थ 'स्वामिनी'. ज्या स्थळी हॅथॉर ही 'फिरोजाची स्वामिनी' म्हणून पूजिली जात होती, नेमक्या त्या स्थळी हा शब्द यावा, यात या वाचनाचे खरे बल आहे. बिब्लॉस येथील 'बअलत' या देवीचेही हॅथॉरशी ऐक्य मानले जाई, ही गोष्ट त्याला पूरक आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या सेराबितच्या छोट्या स्फिंक्सवर एका बाजूस चित्रलिपीत हॅथॉरचा उल्लेख आणि अन्यत्र या नव्या लिपीत 'बअलत' हा शब्द आहे. त्याला पूर्ण अर्थाने द्विभाषिक लेख म्हणता येणार नाही, कारण दोन्ही मजकूर एकाच आशयाचे असल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि दोन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, एवढे निश्चित.

गार्डिनर यांच्या वाचनावर आक्षेप घेता येत नाहीत असे नाही. वर्णांची नावे आपल्याला ज्या स्रोतांतून मिळतात ते या लेखांहून फार उत्तरकालीन आहेत. ती नावे हजारभर वर्षे मागे नेणे हे गृहीतक आहे. शिवाय नावावरून चित्र ओळखायचे आणि चित्रावरून नाव सिद्ध करायचे, यात चक्रीय युक्तिवादाचा धोका आहे. काही चिन्हांच्या बाबतीत हा धोका खराही ठरला आहे, कारण नावाशी न जुळणारी चित्रे जुळवून घेण्यासाठी अभ्यासकांना मूळ नाव वेगळे असल्याचे कल्पावे लागले. परंतु 'बअलत' या शब्दापुरता हा आक्षेप निर्णायक ठरत नाही. येथे चार मूल्ये एकत्र येऊन जो शब्द बनतो तो स्थळाच्या दैवताशी जुळतो, आणि हे दैवत वर्णांच्या नावांवरून ठरवलेले नाही. चक्र येथे तुटते.

गार्डिनर यांच्या निबंधाचा दुसरा गुण त्यांच्या मौनात आहे. एका शब्दाची खात्री मिळाली म्हणून उरलेले लेख वाचून टाकण्याचा मोह त्यांनी आवरला. मिळालेल्या पुराव्याने जेवढे वजन पेलावे तेवढेच त्यांनी त्याच्यावर टाकले.

४. कसोटीचे स्वरूप

वाचन सिद्ध होते म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी इतर लिपींचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. कीलाकार लिपीच्या वाचनाविषयी शंका व्यक्त होत असताना रॉयल एशियाटिक सोसायटीने १८५७ मध्ये एक प्रयोग केला. पहिल्या तिग्लथ-पिलेसरच्या लेखाची भाषांतरे रॉलिन्सन, हिंक्स, टॅल्बट आणि ओपर्ट या चौघांनी स्वतंत्रपणे करून मोहोरबंद सादर केली. ती उघडून ताडून पाहिली असता मुख्य आशयाबाबत परस्परांशी जुळली. 'रेखीय ब' लिपीच्या बाबतीत कसोटी वेगळ्या मार्गाने आली. व्हेंट्रिस यांनी मूल्ये निश्चित केल्यानंतर पायलॉस येथील एका मृत्पट्टिकेचा मजकूर कार्ल ब्लेगन यांनी १९५३ मध्ये त्या मूल्यांनुसार वाचला. तीत 'तिवई' या अर्थाच्या शब्दापुढे तिवईचेच चित्र होते आणि भांड्याच्या कानांची संख्या सांगणाऱ्या शब्दांपुढे तितकेच कान असलेली भांडी काढलेली होती. मूल्ये ठरवताना ही पट्टिका व्हेंट्रिस यांच्या हाती नव्हती, हे महत्त्वाचे.

ब्राह्मीची कथा आपल्याला अधिक जवळची आहे, आणि तिचे गार्डिनर यांच्या पद्धतीशी असलेले साम्य लक्षणीय आहे. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरील त्रोटक लेखांचे ठसे पाहताना प्रिन्सेप यांना आढळले की बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. स्तूपाला भाविकांनी दिलेल्या वस्तूंवर असे छोटे लेख असतील तर शेवटचा शब्द 'दानं' असावा, असा तर्क त्यांनी केला. येथेही एकच शब्द, तोही पुन्हा पुन्हा येणारा, आणि त्याला आधार स्थळाच्या प्रयोजनाचा. कार्ले, कान्हेरी वा जुन्नरच्या लेण्यांत 'देयधम' या शब्दाने संपणारे दानलेख ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या तर्कातील स्वाभाविकता सहज पटेल. त्याआधी १८३६ मध्ये ख्रिस्तियान लासेन यांनी इंडो-ग्रीक राजा अगाथोक्लीस याच्या द्विभाषिक नाण्यावरून काही अक्षरे ओळखली होती. पुढे प्रिन्सेप यांनी स्तंभलेखांत 'पियदसि' हे नाव वाचले, आणि हा राजा म्हणजे अशोक, हे जॉर्ज टर्नर यांनी सिंहली परंपरेतील ग्रंथांच्या आधारे दाखवले. १९१५ मध्ये मस्की येथे सापडलेल्या लेखात प्रत्यक्ष 'अशोक' हे नाव मिळाले. पाऊणशे वर्षांहून अधिक काळाने आलेला हा पुरावा आधीच्या वाचनाला अनुकूल ठरला.

या उदाहरणांतून तीन कसोट्या हाती येतात. पहिली, निरनिराळ्या अभ्यासकांना स्वतंत्रपणे तोच अर्थ मिळावा. दुसरी, वाचन ठरवताना उपलब्ध नसलेला मजकूर त्याच मूल्यांनी अर्थपूर्ण वाचता यावा. तिसरी, लेखाबाहेरील पुराव्याशी, म्हणजे स्थळ, चित्र, नाणे वा ग्रंथपरंपरा यांच्याशी, वाचनाचा मेळ बसावा. सिनाईचे साहित्य पहिल्या दोन कसोट्यांना पुरेसे नाही. तिसऱ्या कसोटीला 'बअलत' हा शब्द उतरतो. 'खाणकामगारांचा प्रमुख' असा अर्थ देणारे आणखी एक वाचन स्थळाशी सुसंगत असल्याने बऱ्याच अभ्यासकांनी स्वीकारले आहे. त्यापुढे मात्र जमीन भुसभुशीत होत जाते.

५. अतिवाचनाचा मोह

या भुसभुशीत जमिनीवर इमारती उभारण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. जर्मन प्राच्यविद्यापंडित हुबर्ट ग्रिमे यांनी १९२३ मध्ये या लेखांत मोझेसचे नाव वाचल्याचा दावा केला. विल्यम ऑल्ब्राइट यांनी १९४८ मधील निबंधात व १९६६ मधील पुस्तकात जवळजवळ सर्व लेखांचे सलग अर्थ दिले. ऑल्ब्राइट यांची विद्वत्ता निर्विवाद होती, आणि ग्रिमे यांच्या पंक्तीत त्यांना बसवणे अन्यायाचे होईल. तरीही त्यांच्या वाचनांपैकी मोठा भाग पुढील अभ्यासकांना मान्य झाला नाही. डग्लस पेट्रोविच यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या लेखांची भाषा हिब्रू असून त्यांत बायबलमधील व्यक्तींची नावे, मोझेससह, आढळतात असे म्हटले. ख्रिस्तोफर रोलस्टन आदी सेमिटिक लिपितज्ज्ञांनी त्यावर कठोर टीका केली.

या वाचनांतील दोष कोणता? त्यांतून अर्थ निघत नाही, हा दोष नव्हे. उलट अर्थ फार सहज निघतो. लेखात स्वरचिन्हे नाहीत. शब्दांच्या सीमा दाखवलेल्या नाहीत. दिशा निश्चित नाही. अनेक चिन्हे झिजलेली आहेत. अशा स्थितीत प्रत्येक टप्प्यावर वाचकाला दोन-तीन पर्याय उपलब्ध असतात. पाच-सहा टप्प्यांनंतर या स्वातंत्र्याचा गुणाकार एवढा मोठा होतो की हवा तो शब्द मिळवणे अवघड राहत नाही. सेमिटिक भाषांतील बहुतेक धातू तीन व्यंजनांचे असल्याने कोणत्याही तीन चिन्हांना कोठल्या तरी कोशात आधार सापडतो. अर्थ लागणे हा म्हणूनच वाचनाचा पुरावा ठरू शकत नाही. दुसरा कोणताही अर्थ लागू शकला नसता, हे दाखवता आले पाहिजे.

रास शम्रा, म्हणजे प्राचीन उगारित, येथील अनुभव याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. १९२९ मध्ये तेथे तीस चिन्हांची कीलाकार वर्णलिपी सापडली आणि १९३० मध्ये बाउअर, दोर्म व विरोलो यांच्या प्रयत्नांनी ती वाचली गेली. या यशामागे बुद्धी होतीच. परंतु शब्द विभागणारी खूण, विपुल मजकूर आणि नव्याने सापडत राहिलेल्या पट्टिका यांमुळे चुकीची मूल्ये झटपट उघडी पडत गेली. सिनाईत चूक उघडी पाडणारा मजकूरच नाही. तेथे एखादे वाचन पन्नास वर्षे टिकले तरी ते बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही. ते खोडण्याचे साधन मिळाले नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

६. वाचनाकडून उगमाच्या कथेकडे

लेखात काय लिहिले आहे आणि ही लिपी कोणी, कोठे, का निर्माण केली, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. व्यवहारात मात्र त्यांची सरमिसळ होते. ऑर्ली गोल्डवासर यांनी २००६ पासून मांडलेला सिद्धान्त या संदर्भात विचारात घेतला पाहिजे. त्यांच्या मते या लिपीचे निर्माते सेराबितचे कनानी श्रमिक होते आणि त्यांना इजिप्शियन लिपी वाचता येत नव्हती. म्हणूनच त्यांनी चिन्हांकडे चित्रे म्हणून पाहिले, त्यांचे इजिप्शियन उच्चार बाजूस ठेवले आणि लेखनाच्या दिशेचे संकेतही पाळले नाहीत. याउलट रोलस्टन यांच्या मते लेखनविद्या प्राचीन जगात शिक्षित वर्गाच्या हाती होती. इजिप्शियन लिपीत एकेका व्यंजनाची चिन्हे आधीपासून होती, आणि हे तत्त्व ठाऊक असलेल्या व्यक्तीच असा शोध लावू शकल्या असत्या.

गोल्डवासर यांची मांडणी आकर्षक आहे. विद्येच्या मक्तेदारीविरुद्ध महात्मा फुले यांनी दिलेल्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकाला, निरक्षर श्रमिकांनी जगाला अक्षरे दिली हा विचार भावल्यावाचून राहणार नाही. परंतु आकर्षण हा पुरावा नव्हे. चित्रांचे इजिप्शियन उच्चार न घेणे हे अज्ञानाचे लक्षण असू शकते, तसेच ते जाणीवपूर्वक केलेल्या निवडीचेही असू शकते. सेराबितच्या इजिप्शियन लेखांत तिसऱ्या अमेनेमहेतच्या काळी कनानी प्रदेशातील एका राज्यकर्त्याच्या भावाचा, खेबेदेद याचा, उल्लेख येतो. म्हणजे तेथील कनानी समाजात केवळ मजूर नव्हते. दुसऱ्या बाजूने, रोलस्टन यांचा युक्तिवादही सर्वसाधारण निरीक्षणावर बेतलेला आहे. लेखन बहुधा उच्चवर्गाच्या हाती असे, यावरून हे विशिष्ट लेखन त्यांनीच शोधले, असे सिद्ध होत नाही. लेखकाची साक्षरता लेखाच्या ओबडधोबडपणावरून मोजता येत नाही.

नव्या शोधांनी चित्र अधिक गुंतागुंतीचे केले आहे. जॉन व डेबोरा डार्नेल यांना १९९० च्या दशकात थीब्जच्या पश्चिमेकडील वाळवंटी मार्गावर वादी अल्-होल येथे याच प्रकारचे दोन लेख आढळले. परिसरातील एका इजिप्शियन लेखात आशियाई लोकांवरील 'बेबी' नावाच्या सेनाधिकाऱ्याचा उल्लेख आहे. त्यामुळे उगमाचे स्थान खाणीऐवजी सैनिकी छावणी असावे, अशी शक्यता पुढे आली. इस्रायलमधील लाखीश येथील हस्तिदंती फणीवर केसांतील व दाढीतील उवांचा नाश व्हावा अशा आशयाचे पूर्ण वाक्य वाचल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. फणीचा काळ सुमारे इ.स.पू. १७०० असा सुचवला आहे; पण तो अक्षरवळणावरून ठरवलेला आहे, कारण किरणोत्सारी कार्बनच्या चाचणीतून निष्कर्ष मिळू शकला नाही. सीरियातील उम्म अल्-मर्रा येथे २००४ मध्ये मिळालेल्या चार छोट्या मृत्तिकादंडांवरील चिन्हे वर्णात्मक असावीत, असे ग्लेन श्वार्ट्झ यांनी २०२१ मध्ये सुचवले. ते थडग्यातून आले असून त्यांचा काळ इ.स.पू. २४०० च्या आसपास धरला जातो. हे मत खरे ठरले तर उगमाची कथा पाचशे वर्षे मागे आणि सिनाईपासून दूर जाईल. मात्र त्यावरील मजकूर वाचता आलेला नाही, आणि न वाचलेली लिपी वर्णात्मक होती असे म्हणण्यासाठी केवळ चिन्हांचे साम्य पुरेसे नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. उगमाचे स्थळ, काळ आणि निर्माते यांविषयीची मते शंभर वर्षांत अनेकदा बदलली. गार्डिनर यांनी वाचलेला शब्द मात्र बदलला नाही. उम्म अल्-मर्राचा दावा उद्या मान्य झाला तरी सेराबितच्या देवीचे नाव 'बअलत'च राहील. वाचन आणि कथा यांना वेगवेगळ्या वजनाचे दावे मानावेत, हा याचा अर्थ होय.

७. भारतीय संदर्भ

या चर्चेचा आपल्याशी संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला ब्राह्मीच्या उगमाचा. खरोष्ठी लिपी अरामीपासून आली, याविषयी बऱ्यापैकी एकमत आहे. ब्राह्मीच्या बाबतीत गेऑर्ग ब्यूलर यांनी १८९५ मध्ये उत्तर सेमिटिक लिपीपासून तिची व्युत्पत्ती मांडली आणि तेव्हापासून तिच्या बाजूने व विरोधात लिहिले जात आहे. ब्यूलर यांचे म्हणणे मान्य केल्यास देवनागरीचेही दूरचे नाते सिनाईशी जुळते. तथापि चिन्हांची आकृती आणि लिपीची रचना हे निराळे प्रश्न आहेत. व्यंजनात अंतर्भूत 'अ' मानून मात्रांनी इतर स्वर दाखवण्याची व्यवस्था भारतीय ध्वनिविचारातून आलेली आहे, आणि आकृतींचे मूळ कोठलेही निघाले तरी तिचे श्रेय कमी होत नाही. या प्रश्नाकडे मानापमानाच्या दृष्टीने पाहण्याचे त्यामुळे कारण उरत नाही.

दुसरा संबंध सिंधू लिपीचा. इरावतम् महादेवन यांच्या १९७७ च्या सूचीनुसार या लिपीत चारशेहून अधिक चिन्हे आहेत आणि लेखांची सरासरी लांबी पाचएक चिन्हांची आहे. द्विभाषिक लेख उपलब्ध नाही. म्हणजे सिनाईतील सर्व अडचणी येथे आहेत, आणि तेथे असलेला स्थळ-दैवताचा आधार येथे नाही. तरीही पूर्ण वाचनाचे दावे झाले. एस. आर. राव यांनी १९८२ मध्ये तसा ग्रंथ प्रसिद्ध केला. झा व राजाराम यांच्या २००० मधील पुस्तकात एका भग्न मुद्रेवरील प्राणी घोडा म्हणून दाखवण्यात आला. मायकेल विट्झेल व स्टीव्ह फार्मर यांनी त्याच वर्षी अखंड मुद्रांशी तुलना करून तो एकशिंगी बैल असल्याचे दाखवले. २००४ मध्ये फार्मर, स्प्रोट व विट्झेल यांनी ही लिपीच नव्हे, असे दुसरे टोक गाठले, आणि तेही सर्वमान्य झाले नाही. तामिळनाडू शासनाने जानेवारी २०२५ मध्ये सिंधू लिपीच्या वाचनासाठी १० लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. संशोधनाला उत्तेजन मिळणे स्वागतार्हच आहे. परंतु पारितोषिकाने कसोटी बदलत नाही. ग्रिमे यांना मोझेस हवा होता आणि तो त्यांना सापडला. संस्कृत वा द्रविड यांपैकी जे हवे तेच सिंधू मुद्रांवर सापडत असेल, तर वाचकाने तेवढेच सावध झाले पाहिजे.

८. समारोप

गार्डिनर यांचे वाचन टिकले याची कारणे तीन आहेत. त्यांनी वारंवार येणारा चिन्हक्रम निवडला, त्याचा अर्थ लेखाबाहेरील स्वतंत्र पुराव्याशी ताडता आला आणि त्यापुढील मजकुराविषयी त्यांनी संयम पाळला. ग्रिमे ते पेट्रोविच या परंपरेतील वाचने अधिक सांगतात आणि म्हणूनच कमी सिद्ध करतात. उगमाविषयीचे सिद्धान्त विचारप्रवर्तक असले तरी त्यांना वाचनाइतकी निश्चितता देता येत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा निष्कर्ष असा की लिपीच्या वाचनाचा कोणताही नवा दावा समोर आला असता विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. हे वाचन ठरवताना न वापरलेला कोणता मजकूर त्याने वाचता येतो? लेखाबाहेरील कोणता पुरावा त्याला दुजोरा देतो? आणि हे वाचन चुकीचे असते तर ते आपल्याला कशावरून कळले असते? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर दावा कितीही विद्वत्तापूर्ण असला आणि आपल्या अभिमानाला कितीही सुखावणारा असला, तरी त्याची नोंद पाठ्यपुस्तकात 'वाचन' म्हणून न करता 'सूचना' म्हणूनच केली पाहिजे. एका शब्दाची खात्री देणारा निबंध शतकभर उपयोगी पडतो, हे सेराबितच्या लेखांनी दाखवून दिले आहे.